आर. ई.ची वही एकदा उघडून तर पाहा

आज सकाळी कामावर निघताना इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला आणि दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. इथल्या शाळांत धर्मशिक्षणाच्या, म्हणजे आर. ई.च्या, तासाला आपल्या मुलांकडून नमाज पढून घेतात आणि मुलींना डोके झाकायला लावतात, तेव्हा वेळीच जागे व्हा, असा त्याचा मजकूर होता. खाली गुडघ्यांवर बसलेल्या मुलांचे एक छायाचित्र होते. शाळेचे नाव, गाव, तारीख यांपैकी काहीच नव्हते. कोणती शाळा, असे मी विचारले, तर उत्तरादाखल हात जोडलेले दोन इमोजी आले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास लेकीच्या बाईंनी मला याच तासाला बोलावले होते. पणत्या, रांगोळी आणि घरातली लक्ष्मीची लहानशी तसबीर घेऊन मी गेले. वर्गातल्या एका मुसलमान मुलाने जरा घाबरतच विचारले, "मलाही हिची प्रार्थना करावी लागेल का?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. तू बघ आणि कळले नाही तर विचार." मग त्याने रांगोळीत असे रंग भरले की माझ्या लेकीला हेवा वाटला. तसबिरीशेजारी पणती धरून उभा असलेला त्याचा फोटो पुढे महिनाभर वर्गातल्या फलकावर होता. संध्याकाळी फाटकाशी त्याची आई भेटली, तेव्हा शर्टाच्या बाहीवरचा गुलाबी रंग कशाने जाईल, एवढेच तिने मला विचारले.

आता तोच फोटो तिने "आमच्या मुलांकडून लक्ष्मीपूजन करून घेतात" अशी ओळ खाली लिहून तिच्या नातेवाइकांना पाठवला असता, तर आपण काय म्हटले असते? किती कोत्या मनाची बाई, असेच म्हटले असते ना?

ज्यांना मुलांच्या धर्माची एवढी काळजी आहे त्यांनी निदान इथला कायदा वाचावा. १९८८ च्या कायद्याप्रमाणे या देशातल्या धार्मिक परंपरा प्रामुख्याने ख्रिस्ती आहेत हे आर. ई.च्या अभ्यासक्रमात दिसले पाहिजे आणि इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेतली पाहिजे. स्थानिक प्रशासनाच्या शाळांसाठी तो अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर चर्चचे, इतर पंथांचे आणि धर्मांचे, शिक्षकांचे व प्रशासनाचे प्रतिनिधी बसतात. एवढे करूनही कोणाला तो तास नको असेल, तर कारण न देता मुलाला त्यातून काढून घेण्याचा हक्क पालकांना आहे. खरे तर कायद्याने सांगितलेली उपासना एकच आहे, ती म्हणजे शाळेतली रोजची सामूहिक प्रार्थना, आणि ती प्रामुख्याने ख्रिस्ती वळणाची असावी असे त्याच कायद्यात लिहिले आहे. आपल्या मुली नाताळच्या नाटकात पांढरे पंख लावून देवदूत झाल्या, तेव्हा धर्म बुडाल्याचे कोणालाही वाटले नाही. सगळ्यांनी हौसेने फोटो टाकले, मीही टाकले.

एखादी शिक्षिका उत्साहाच्या भरात मुलांना नमाजाची नक्कल करायला लावत असेल, तर ते चूकच आहे, आणि मी स्वतः मुख्याध्यापकांना पत्र लिहीन. बर्मिंगहॅममधल्या शाळा ताब्यात घेण्याचा कट्टर मुसलमानांचा कट असल्याचे सांगणारे २०१४ च्या 'ट्रोजन हॉर्स' प्रकरणातले पत्र बनावट असल्याचे बहुतेकांनी मानले, तरी काही शाळांच्या कारभारावर सरकारी चौकशीत ठपका आलाच होता, हेही मला ठाऊक आहे. पण त्या तक्रारींना शाळांची नावे होती. हात जोडलेल्या इमोजींची चौकशी कोणी आणि कशी करायची?

खरा संताप मला याचा आहे की हे सगळे लेस्टरमध्ये राहून चालले आहे. इथे हिंदू-मुसलमान तरुण रस्त्यावर भिडले तो २०२२ चा सप्टेंबर इतक्यात विसरलात? तीन भारतीय पुरुषांनी एका मुलीला पळवण्याचा प्रयत्न केला, ही अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरली होती. असे काही घडलेच नाही, असे पोलिसांनी सांगितले तरी ती थांबली नाही. तेव्हा संशय आपल्यावर होता. त्या दिवसांत मी लेकीला मागच्या गल्लीतून शाळेत नेत होते. २०२४ मध्ये साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर मुसलमान निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर दगड पडले.

इतके चिडून लिहायचे नव्हते. संदेश पाठवणाऱ्या ताई मनाने वाईट नाहीत; मी आजारी होते तेव्हा चार दिवस त्यांच्याकडून डबा येत होता. परक्या देशात मुले आपल्या हातून निसटतील की काय, ही भीती मलाही रात्री जागवते. पण ती भीती त्या पणतीवाल्या मुलाच्या आईलाही असणारच, आणि तरीही ती माझ्याशी डागांविषयी बोलली.

पुढच्या आठवड्यात लेकीचा वर्ग मशीद पाहायला जाणार आहे. बूट काढावे लागतील, मुलींनी ओढणी आणावी असे पत्रात लिहिले आहे. गेल्या वर्षी वर्ग गुरुद्वारात गेला तेव्हा मुलामुलींनी, सगळ्यांनीच, डोके झाकले होते, आणि गटावर चर्चा झाली ती फक्त लंगरच्या डाळीची. मी संमतीपत्रावर सही केली आहे. तिची आर. ई.ची वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. दिवाळीच्या पानावर पणती आहे, रमजानच्या पानावर खजूर, आणि दोन्हीकडे शुद्धलेखनाच्या भरपूर चुका. ताई, शनिवारी चहाला या आणि ती वही स्वतः चाळा. येताना त्या शाळेचे नाव मात्र घेऊन या.