पहिलीत जाणाऱ्या मुलामागे पाटी घेऊन लागू नका

उन्हाळा लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, "बाई, ह्याला अजून बाराखडी येत नाही. शिकवणी लावू का?" पाच-साडेपाच वर्षांच्या लेकराला शिकवणी! मी उलट विचारते, तो स्वतःची चप्पल घालतो का? डबा उघडतो का? शी-शू लागली तर सांगतो का? अनोळखी मुलांत खेळतो का? एवढं जमत असेल तर बाराखडीची काळजी आमच्यावर सोडा. त्यासाठीच तर आम्ही शाळेत आहोत.

२०२२ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिला मेळावा साधारण एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. एकेका टेबलावर मूल उड्या मारतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, वस्तू मोजतं आणि त्याच्या विकासपत्रावर नोंद होते. फुगे, औक्षण, प्रभातफेरी, फोटो सगळं होतं, आणि व्हायलाच हवं. पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या मुलाचं स्वागत गावानं करावंच.

पण अभियानाचा खरा जीव आहे तो दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत. वस्तीवरच्या आया गटानं जमतात, त्यांच्यातली एक लीडर माता होते, आणि मुलं घरातल्याच वस्तूंनी शिकतात. मिसळलेली कडधान्यं वेगळी करायची, भांडी लहान-मोठी लावायची, शर्टाची बटणं लावायची, रात्री आजीकडून गोष्ट ऐकून सकाळी आईला सांगायची. यातून बोटांना वळण लागतं, मोजणं येतं, भाषा फुलते. कधी शाळेची पायरी न चढलेली आईसुद्धा हे उत्तम करू शकते. मला या अभियानात सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच.

आपल्या मातीत हे नवीन नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे त्याच भागातल्या कोसबाडला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरवायची. मूल तयार नाही असा ठपका न ठेवता त्यांनी शाळेलाच मुलासाठी तयार केलं. आज आपण मात्र सगळी परीक्षा मुलाचीच घेतो.

म्हणून मला ऊसतोड मजुरांच्या मुलांचं फार वाटतं. कारखान्यांचा ऊस गाळपाचा हंगाम लांबला तर एप्रिलच्या मेळाव्याला ही कुटुंबं गावात नसतात. पोर थेट जूनमध्ये वर्गात येतं आणि पहिल्याच आठवड्यात 'कच्चं' ठरतं. या मुलांसाठी मे महिन्यात, ती गावी परतल्यावर, वस्तीवरच वेगळा मेळावा घ्यायला काय हरकत आहे? त्यांना ओळखणारी अंगणवाडीताई गावातच असते. तिला आधी विचारा आणि वेळ तिच्या सोयीनं ठरवा. पोषण आहार, वजन-उंची, रजिस्टरं हे सगळं सांभाळून ती हे करणार आहे.

आणि बापांनो, गटाचं नाव 'माता गट' आहे म्हणून तुमची सुटका नाही. मेळाव्याला या, पोराबरोबर जमिनीवर बसा. आपल्या गावात यंदा कोणकोण पहिलीत जाणार आहे, ती नावं तुम्हाला माहीत आहेत का? नसतील तर शाळेत या, यादी आमच्याकडे आहे.