काच दोन बोटं उघडी ठेवलीये की!

उन्हाळ्यात एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला बंद गाडीत कुत्रा दिसला आणि मालकाला हटकलं, की उत्तर ठरलेलं. "काच दोन बोटं उघडी ठेवलीये की!" किंवा "पाच मिनिटांत तर आलो!" मे महिन्यातल्या शनिवारी तिथे पाच मिनिटांत काय होतं? बाथरूमची रांग, मग कूपनची रांग, मग वडापाव, मग कुणाला तरी चिक्की आठवते.

काचेचं म्हणाल, तर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्येच उन्हात गाड्या उभ्या करून मोजून दाखवलंय. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर जेमतेम २२ अंश असताना आत ४७ पर्यंत गेलं. म्हणजे आपली डिसेंबरची दुपारसुद्धा यातून सुटत नाही, मे तर सोडाच.

आपल्याला घाम येतो, कुत्र्याला येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. धापा टाकणं हाच त्याचा कूलर, आणि आजूबाजूची हवाच तापली की तो कूलर गरम हवाच ओढत बसतो. एरवी त्याचं अंग ३८-३९ अंशांवर असतं. ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पग, शिह त्झू, बुलडॉग या चपट्या नाकाच्या मंडळींची तर आधीच बोंब.

"आम्ही एसी चालू ठेवतो" म्हणणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं. बटणावर चालू होणाऱ्या काही गाड्यांचं इंजिन थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, आणि तुम्ही तेव्हा डोशाची वाट बघत असता. मॉलच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवाल तर धुराचा धोका वेगळाच.

माझं मत स्पष्ट आहे. कुत्र्याजवळ थांबायला माणूस नसेल तर त्याला नेऊ नका. आळीपाळीने जेवा, पार्सल घ्या, नाहीतर त्याला घरी पंख्याखाली झोपू द्या. "एकटा राहिला तर बिचाऱ्याला वाईट वाटतं" हे ठीक आहे, पण वाईट वाटून कुणी मरत नाही. अर्थात चूक एकट्या मालकांची नाही. कुत्र्याला आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेर सावलीत दोन बाकडी टाकायला एवढ्या मोठ्या मॉलना जागा सापडत नाही!

कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्यात मॉलवर चहासुद्धा मिळेल की नाही शंका.

तुम्हाला असा कुत्रा दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका. गाडीचा नंबर घेऊन थेट सिक्युरिटीकडे जा आणि माइकवरून पुकारायला लावा. चारचौघांत नंबर पुकारला की मालक हातातला घास टाकून पळत येतो, हे मी पाहिलंय. कुत्रा लडखडत असेल, लाळ चिकट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, तर सावलीत आणून आधी पोटावर, जांघेत, पंजांवर साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो तापतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. मग गाडीत एसी लावून सरळ डॉक्टरकडे. उठून शेपूट हलवायला लागला तरी न्याच, कारण किडनीला झालेला त्रास कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो.