‘दोन ओळींचं काम’ म्हणणाऱ्या वाचकाला

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधल्या लिंक्ड टेबलची, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून जोडून घेतलेल्या टेबलची, रचना बदलण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘दोन ओळींच्या कामाला एवढं पुराण कशाला? ऑल्टर टेबल चालवा, विषय संपला. गिऱ्हाईक घाबरवायचे धंदे. आणि आज अ‍ॅक्सेस वापरतं कोण? चित्रंही नीट दिसत नाहीत.’

चित्रं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी टाकतो.

‘गिऱ्हाईक घाबरवायचे धंदे’ हे मात्र ऐकून घेणार नाही. मतभेद असू द्या, पण ज्याला कधी भेटला नाहीत त्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, ही कुठली रीत? सातपूर-अंबडच्या वर्कशॉपचा स्टॉक आणि पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसच्या पेट्यांचा हिशेब सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ऐन हंगामात कोणीतरी हीच ‘एक ओळ’ चालवायला जातो, बिलं अडकतात, आणि रात्री फोन मला येतो. तुम्हाला नाही येत.

आता ती ओळ, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी ऑल्टर टेबल ही आज्ञा. फ्रंट-एंडमधून, म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवरच्या फॉर्मांच्या फाइलमधून, लिंक्ड टेबलवर ती कधी चालवून बघितलीत? ३६११ नंबरचा एरर येतो. डिझाइन व्ह्यूमध्ये फॉरमॅट वगैरे किरकोळ गोष्टी बदलता येतात. फील्ड वाढवणं, काढणं, डेटा टाइप बदलणं जमत नाही. कारण टेबल तिथे नसतंच, नुसता त्याचा पत्ता असतो. ऑल्टर टेबल चालतं ते बॅक-एंडवर, म्हणजे खरी टेबलं असलेल्या सामायिक फाइलवर. कोडमधून ओपनडेटाबेस या कमांडने ती फाइल उघडून चालवता येतं, हेही मी लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

आणि चालवताना कोणाच्या मशीनवर त्या टेबलाचा फॉर्म उघडा असला, तर बदलासाठी लागणारा टेबलाचा एकट्याचा ताबा, म्हणजे लॉकच, मिळत नाही. म्हणून आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, बॅक-एंडशेजारची एलएसीसीडीबी लॉक फाइल (कोणी आत असेपर्यंत राहते ती) गेली का बघायचं, कॉपी ठेवायची, मग बदल, मग प्रत्येक फ्रंट-एंडमध्ये लिंक रिफ्रेश. मागे अ‍ॅक्सेसच्या फाइलऐवजी एसक्यूएल सर्व्हर हा मोठा डेटाबेस असेल तर रिफ्रेशशिवाय नवा कॉलम दिसतच नाही. यातली कोणती पायरी गाळू, तेवढं सांगा.

अ‍ॅक्सेस वापरतं कोण, यावर वाद घालणार नाही. ज्यांच्या कामाच्या फाइली त्यात आहेत, त्यांच्यासाठी मी लिहितो. बाकीच्यांनी वाचायची सक्ती नाही.