जांभळा रंग उतरला म्हणून जळजळ थांबत नाही

लेख वाचला. शेवग्याच्या पानांचा अर्क ‘अँटीऑक्सिडंटही आणि अँटासिडही’ असं तुम्ही एका दमात लिहिलंय, तिथे अडलो. या दोन निराळ्या परीक्षा आहेत हो!

पहिलीत, म्हणजे अँटीऑक्सिडंटच्या, डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालतात, रंग पिवळट झाला की तो किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. हा रंग साधा चहासुद्धा उतरवतो, त्यामुळे मला त्याचं फारसं कौतुक नाही. दुसरीत, म्हणजे अँटासिडच्या, साधारण १.२ पीएचचा (चांगलाच आम्लधर्मी) कृत्रिम जठररस घेऊन अर्क किती आम्ल मारतो ते टायट्रेशनने (थेंबथेंब अल्कली घालून) बघतात. इथे तुलना खायच्या सोड्याशी असते आणि एक ग्रॅम सोडा सुमारे १२ मिलीइक्विव्हॅलंट (हे आम्ल मोजायचं एकक) आम्ल संपवतो. पानं त्याच्यापुढे कुठवर टिकणार?

शिवाय असे अर्क पुष्कळदा मेथॅनॉल या अल्कोहोलमध्ये काढतात. मिक्सरमधून गाळलेला हिरवा रस म्हणजे तो अर्क नव्हे.

आमच्या इंदुरात रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत लिंबू पिळलेला, जिरावण मसाला भुरभुरवलेला गराडू (तळलेला कंद) हाणायचा आणि सकाळी अनशापोटी पानांचा रस, असे काका घरोघरी. त्यांना तुमचा लेख फॉरवर्ड होणार, आणि डॉक्टरांची गोळी बंद! जळजळ रोजची असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा सततच्या पेनकिलर गोळ्यांमुळे अल्सरही झालेला असू शकतो. तिथे रस पीत बसण्यात वेळच जातो.

तुम्ही म्हणताय तो अर्क पाण्यातला की मेथॅनॉलमधला, आणि तपासणी परीक्षानळीतली की माणसांवरची, एवढं लेखात घालाल का?