ब्रिजिड देवी चर्चने पुसली, हे साफ खोटं आहे

काल आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर हार्प आणि बुझुकी या तंतुवाद्यांच्या साथीतलं एक सुरेख आयरिश गाणं आलं. खाली मजकूर: हा ब्रिजिड देवीचा तीन हजार वर्षांपूर्वीचा मंत्र, ब्रिजिड म्हणजे आपली 'बृहती', चर्चने देवी नष्ट करून त्याच नावाची खोटी संत उभी केली, आणि १ फेब्रुवारीचा तिचा सण म्हणजे वसंत पंचमी. आईने फोन करून विचारलं, "अगं, खरं का हे?"

नाही गं आई.

सगळ्यात चीड येते ती "देवी नष्ट केली" या वाक्याची. मग ती देवी होती हे आपल्याला कळलं कुठून? 'कॉर्मॅकचा कोश' नावाच्या जुन्या आयरिश ग्रंथातून. त्यात सरळ लिहिलंय: ब्रिजिड ही दाग्दा या आयरिश देवाची मुलगी, कवी जिला पूजत ती देवी. तिच्याच नावाच्या तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. ज्या कॉर्मॅकच्या नावावर हा कोश आहे, तो आयर्लंडमधल्या कॅशेलचा राजा होता आणि बिशपही. ९०८ साली वारला. म्हणजे देवीची आठवण राखली ती बिशपच्या पोथीने! मॉय तुराच्या पौराणिक लढाईत मुलगा पडल्यावर ब्रीगने, म्हणजे याच ब्रिजिडने, केलेला आक्रोश हा आयर्लंडमधला पहिला विलाप, ही कथासुद्धा ख्रिस्ती लेखनिकांनीच उतरवून ठेवली.

आणि संत खोटी? ती प्रत्यक्षात होऊन गेली का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तेवढं मान्य. पण कोगितोसस नावाच्या आयरिश साधूने तिचं चरित्र ६५० च्या सुमारास लिहिलं, आणि आयर्लंडमधल्या किल्डेअरचा तिचा मठ तर खराच होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेरल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने नोंदवलंय की तिथल्या १९ नन्स पाळीपाळीने रात्रभर अग्नी राखत आणि विसाव्या रात्री तो ब्रिजिडवरच सोपवत. त्या बायकांना एका फॉरवर्डने खोटं ठरवायचं?

तीन हजार वर्षांचं म्हणाल, तर आयरिश भाषेचे सगळ्यात जुने लेख ओघम या जुन्या आयरिश लिपीतले, साधारण चौथ्या शतकापासूनचे, आणि त्यांत बहुतेक नुसती माणसांची नावं. क्लिपमधली भाषा आजची आयरिश आहे, त्यात तिला संत म्हणूनच आळवलंय. आणि बुझुकी आयरिश संगीतात ग्रीसहून आली ती १९६० च्या दशकात.

नावाचं मात्र अर्धं खरं. 'ब्रिजिड' आणि 'बृहती' एकाच मुळातून आलेत, अर्थ उंच, थोर. पण एकाच मुळाच्या या दोघी बहिणी, आपल्या घरातून कुणी तिकडे दिलेली लेक नव्हे. जर्मन 'बर्ग'ही त्याच कुळातला.

वसंत पंचमी तिथीने येते: २०२३ ला २६ जानेवारी, २०२४ ला १४ फेब्रुवारी. ब्रिजिडचा दिवस हलत नाही. संपलं.

"मग ती देवी की संत?" आईने शेवटी विचारलं. किल्डेअरमध्ये १९९३ साली नन्सनीच तिचा अग्नी पुन्हा पेटवला, आणि आज तिथे संत मानणारे येतात तसे देवी मानणारेही येतात. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गाणं ठेवते. खालचं काढायला सांगते."