रिव्ह्यूला उत्तर: टूल सुरू व्हायला वेळ का लागतो

नमस्कार, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. "एवढीशी फाइल कन्व्हर्ट करायची तरी टूल आधी दोन-तीन सेकंद नुसतं बसून राहतं, जावा भाषेत कशाला लिहिलंत" असं म्हणालात. वेळेचं तुमचं बरोबर आहे, आम्हीही मोजून बघितलं.

होतं काय, की दरवेळी आधी जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं इंजिन) उभं राहतं, मग जारमधून, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठा-फाइलमधून, आमचे क्लास (कोडचे तुकडे) वाचायचे, त्यांतला बाइटकोड (जेव्हीएमला कळणारा कोड) तपासायचा, जोडायचा, आणि सुरुवातीला कोड इंटरप्रिटरवर, म्हणजे एकेक सूचना वाचत, हळू चालतो, जो भाग सारखा सारखा चालतो तोच जेआयटी (जेव्हीएममधला कंपायलर) नंतर प्रोसेसरच्या थेट मशीन कोडमध्ये कंपाइल करतो. मोठ्या फाइलवर हे जाणवत नाही. पण तुम्ही स्क्रिप्टच्या लूपमध्ये एकेक छोटी फाइल देताय, म्हणजे जेआयटीला वाव मिळायच्या आतच प्रोसेस संपते आणि पुढच्या फाइलला परत पहिल्यापासून सगळं. असा वापर आम्ही धरलाच नव्हता, ही आमची चूक.

जावा घेतलं कारण टीम लहान आणि एकच जार विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. ग्रालव्हीएमची नेटिव्ह इमेज (जेव्हीएमशिवाय थेट चालणारी, आधीच कंपाइल केलेली फाइल) करून पाहिली, झटकन सुरू होते खरं, पण तिला सगळा कोड बिल्डच्या वेळीच माहीत असावा लागतो आणि आमचे प्लगइन (टूलला जोडायचे जादा भाग) तर लोक नंतर जार टाकून जोडतात, ते चालेनात. वर प्रत्येक ओएस आणि प्रोसेसरसाठी अशी वेगळी फाइल बनवावी लागते. प्लगइनवर ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना मी वाऱ्यावर सोडणार नाही.

म्हणून पुढच्या रिलीजमध्ये अ‍ॅपसीडीएस ही जावातली सोय घालतोय, जेडीके (जावाचं किट) १० पासून (२०१८) ती सगळ्यांना खुली आहे. वाचून तयार केलेले क्लास एका अर्काइव्हमध्ये ठेवायचे आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलायचे. हे अर्काइव्ह त्याच जेव्हीएमला बांधलेलं असतं, त्यामुळे ते आम्ही बनवून देण्यापेक्षा पहिल्या रनला तुमच्याच मशीनवर बनेल, जार एकच राहील. प्लगइनही लागतील तेव्हाच लोड होतील. नेटिव्हइतकं फास्ट होणार नाही हे आत्ताच सांगतो.

तोपर्यंत लूप काढून अख्खा फोल्डर एकाच कमांडला द्या, जेव्हीएम एकदाच उभं राहील. आणि तुमचं जावा व्हर्जन आणि किती प्लगइन टाकलेत ते इथेच खाली लिहा, तसाच सेटअप लावून मी स्वतः बघतो.