सात रस्ता, एक सीट

सोलापुरात या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हटलं की मध्ये सात रस्ता लागतो. तिथले सातही रस्ते बोटं मोडत मोजून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पाचव्या बोटाला मागून हॉर्न वाजतो.

आमचं घर जुळे सोलापुरात. भाचीचं लग्न ठरलं, आणि आहेराच्या टॉवेल-टोपीतले टॉवेल दुकानातून न घेता पूर्व भागातल्या ओळखीच्या कारखान्यातून आणायचे, असं घरात ठरलं. गाडी चिरंजिवांनी क्लासला नेलेली. मी म्हणालो, "सिटी बसनं जातो." घर शांत झालं. मग धाकटीनं विचारलं, "बाबा, आपल्याकडं बस येते?"

प्रश्न रास्त होता. आमच्या थांब्यावर बस सोडून सगळं थांबतं. शेडच्या पाठीला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, बाकावर पेरूची टोपली, पुढ्यात तीन मोटारसायकली. मी तिथं उभा राहिलो तेव्हा पेरूवाल्यानं आधी गिऱ्हाईक समजून तराजू उचलला, आणि मी बसची वाट बघतोय हे कळल्यावर फार मायेनं विचारलं, "घरी सगळं बरं आहे न्हवं, मालक?"

शेवटी शेअर रिक्षा. "चला सात रस्ता, सात रस्ता, एकच सीट, एकच सीट!" शेअर रिक्षात कायम एकच सीट शिल्लक असते. आत कुणी नसलं तरी एकच, आणि मागं चौघं, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक बसले तरी एकच. "सरका की मालक जरा," म्हणत त्यानं मला पुढं डाव्या बाजूला टेकवलं. माझा एक पाय आत, दुसरा विजापूर रोडवर. स्वतः ड्रायव्हर सीटच्या अर्ध्याच भागावर होता. उरलेला तो आमच्यासारखाच शेअरमध्ये.

अशा अवस्थेत माणसाला नगररचना सुचते. जुनं सोलापूर माणसाच्या पायांवर बेतलेलं. आठवड्याच्या वारांच्या पेठा, पेठेला लागून पेठ, बोळात समोरून म्हैस आली तर कुणी मागं जायचं हे ठरलेलं. १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली, पुढं आणखी गिरण्या आल्या, आणि भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगार राहिले. मग १९९२ साली हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं, रानं एका झटक्यात शहरात आली. नकाशावर. प्लॉट पडले, बंगले झाले, अपार्टमेंटं झाली. शाळा, कचेरी, बाजार मात्र राहिले होते तिथंच. आणि इकडून तिकडं न्यायचं कुणी, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी रिक्षा घेतल्या.

तसा एक नेमाचा मार्ग या शहराला आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती ६८ लिंगं स्थापन केली, असं सांगतात. संक्रांतीच्या यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे लिंगांना तेल लावायच्या दिवशी, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्या ६८ ठिकाणी जातात. ठरलेला दिवस, ठरलेली वाट, ठरलेले थांबे, आणि एकही थांबा चुकत नाही. इतकं चोख वेळापत्रक पाळणारं शहर बाकीचं वर्षभर काय करतं, असा विचार करत होतो, तेवढ्यात सात रस्ता आला आणि मला उतरवण्यात आलं. उतरलो म्हणणं बरोबर नाही.

दुसऱ्या रिक्षात शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर डब्याची पिशवी. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यातून सुटून विडी घरकुलात घरी चाललेल्या. अशोक चौकात उतरून त्या आणखी एक रिक्षा करणार होत्या. कुंभारीच्या माळावरची ही वसाहत १०,००० घरांची, २००६ साली वाटलेली. विडी कामगार बाईला स्वतःच्या नावाचं पक्कं घर मिळावं ही फार मोठी गोष्ट, त्यात थट्टेला जागा नाही. मी फक्त विचारलं, "रोज एवढं येता?"

"मग? घर तिकडं, काम हिकडं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी सावरून डोळे मिटले. दोन खड्ड्यांतही उघडले नाहीत. मी एका दिवसाच्या प्रवासावर मनात केवढं भाषण रचलं होतं!

पुढं ७० फूट रोड. फूट सत्तरच असावेत. त्यातले बरेचसे भाजीवाल्यांकडं असतात आणि उरलेल्यांत आपण, दोन टेम्पो आणि मेथी निवडून घेणारं एक कुटुंब. उतरून चालत गेलो. बोळात शिरल्यावर पत्ता विचारावा लागला नाही, कारण पत्ताच खटाखट वाजत होता. ही घरं विकास आराखड्यात कशी रंगवत असतील, मला कायम कुतूहल आहे. राहण्याचा पिवळा, उद्योगाचा जांभळा, दुकानाचा निळा. इथं खाली माग म्हणजे जांभळा, वर संसार म्हणजे पिवळा, ओट्यावर टॉवेलविक्री म्हणजे निळा, आणि जिन्यावर वाळत घातलेल्या पापडांना रंगच नेमलेला नाही. कानाला त्रास आहे, कबूल. पण कारखान्याचे मालक जेवून जिना उतरले की कामावर हजर. पेट्रोल शून्य.

टॉवेल बांधता बांधता त्यांनी विचारलं, "कुठनं आलात?"

"जुळे सोलापूर."

"अरारा! एवढ्या लांबनं?" त्यांनी मागावरच्या पोराला चहा सांगितला. "आमच्या पोरीला तिकडचं एक स्थळ आलं होतं बघा. पोरगा चांगला, घर स्वतःचं. पण म्हटलं नको. एवढ्या लांब दिली तर सणावाराला जायचं कसं, यायचं कसं?"

"मग कुठं दिली?"

"भिवंडीला. तिथं समदी आपलीच माणसं, मागवाली. आणि सोईचं पडतं हो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपलं की पहाटं कल्याण."

मी काहीच बोललो नाही. चहा आला, तो बशीत ओतून संपवला. गठ्ठा खांद्यावर चढवायला त्यांनीच हात दिला.

"निघा आता, मालक," ते काळजीनं म्हणाले, "तुम्हाला लांब जायचंय."